कोल्हापूर लांब आहे, मग आधी कुठं जायचं?

प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका वाडीतून आलेला आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, आईवडील गावी. महिन्यापूर्वी रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी जीप काढली आणि ‘सरकारी दवाखान्यात काय असतंय’ म्हणत मलकापुरात न थांबता थेट कोल्हापूर गाठलं. वडील वाचले. आता मुलाचं विचारणं असं आहे: पुढच्या वेळी १०८ ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला, फोन करायचा की जीपच काढायची? वाटेतल्या सरकारी दवाखान्यात थांबलं तर वेळ जातो की वाचतो? आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड असूनही पैसे का भरावे लागले?

मी जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. वडील वाचले याचा आनंद आहेच. पण तो प्रवास जसा झाला तसा पुन्हा होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. छातीत दुखणाऱ्या माणसाला दोन-अडीच तास काहीही औषध न देता जीपमधून नेणं फार धोक्याचं आहे. वाटेत ज्या दवाखान्यावरून जीप पुढं गेली, तिथं निदान इसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, निघाला असता. कुठल्या दुखण्याला कुठल्या दवाखान्यात जायचं हे घरातलं माणूस धडधाकट असताना ठरवून ठेवायला हवं. रात्री दोन वाजता अंगणात चारजण चार दिशा दाखवत असताना ते ठरत नाही.

आधी रचना सांगतो, कारण ती माहीत नसल्यानं फार गोंधळ होतो. आपल्या जिल्ह्यातले सरकारी दवाखाने तीन वेगळ्या यंत्रणांकडे आहेत. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. मलकापूर, राधानगरी, चंदगड इथली ग्रामीण रुग्णालयं आणि गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. आणि सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. त्यामुळे एका दवाखान्यातली माहिती दुसऱ्याकडे आपोआप जाईल असं धरून चालू नका. केंद्रातून पुढं पाठवताना मिळणारी संदर्भ चिठ्ठी, आणि डॉक्टरांनी पुढच्या दवाखान्यात केलेला फोन, हाच काय तो दुवा. चिठ्ठीवर कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं ते लिहिलेलं आहे का, हे निघण्याआधी बघा. नसेल तर थांबून लिहून घ्या. त्या दोन मिनिटांनी सीपीआरच्या अपघात विभागातला अर्धा तास वाचतो.

आणखी एक. प्राथमिक केंद्र कुठं असावं याचा निकष लोकसंख्येवर आहे: सपाटीला ३०,००० माणसांमागे एक, डोंगरी भागात २०,००० मागे एक, उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० मागे. शिरोळ, हातकणंगल्याला हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडातल्या धनगरवाड्यांना तो अजिबात लागू पडत नाही. तिथं वीस-पंचवीस उंबरे, आणि डांबरी रस्त्याला लागायलाच तासभर पायवाट. कागदावर त्या वाड्यांना केंद्र ‘आहे’. पण आजारी माणसाला खुर्चीला बांबू बांधून किंवा घोंगड्याची झोळी करून खाली आणावं लागतं. माझ्या मते डोंगरी भागात अंतर किलोमीटरमध्ये न मोजता पावसाळ्यात लागणाऱ्या तासांत मोजायला हवं आणि केंद्राची जागा त्यावरून ठरवायला हवी.

आता तुमच्या वडिलांचं. छातीत दुखणं, घाम, दम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यातलं काहीही झालं तर पहिलं काम इसीजी. मधुमेही माणसाला आणि बायकांना तर पुष्कळदा छातीत दुखतही नाही, नुसता घाम येतो, जीव घाबरा होतो. घरातले लोक ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पाजत बसतात, आणि मोलाचा पहिला तास तिथंच जातो. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं. पहिल्या तीन तासांत ते मिळालं तर सगळ्यात जास्त फायदा, बारा तासांपर्यंत थोडाफार. अँजिओप्लास्टी, म्हणजे तारेवरून फुगा नेऊन बंद रक्तवाहिनी उघडणं, त्याहून चांगली हे खरं. पण निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत ती होणार नसेल तर आधी इंजेक्शन द्यावं आणि मग पुढं न्यावं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. तुमच्या वाडीतून कोल्हापूर, तिथं नोंदणी, डॉक्टरांना बोलावणं, अँजिओप्लास्टीची खोली (कॅथलॅब) सुरू करणं, हे सगळं दोन तासांत बसवून बघा. बसत नाही. म्हणून तुमच्यासाठी बरोबर मार्ग असा: मलकापूरचं ग्रामीण रुग्णालय, तिथं इसीजी, त्याचा फोटो कोल्हापूरच्या डॉक्टरांना, अ‍ॅस्पिरिन आणि गरज व सोय असेल तर गुठळीचं इंजेक्शन, आणि मग रुग्णवाहिकेतून पुढं. वाटेत ठोके बिघडले तर जवळ ऑक्सिजन आणि शॉक देण्याचं यंत्र असलेली गाडी हवी. जीपमध्ये शेजारी जीव तोडून मदत करतात, पण त्यांच्या हातात काही नसतं.

लकव्याचं मात्र नेमकं उलट आहे. एकाएकी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर जवळच्या केंद्रात सलाइन लावून घेण्यात वेळ घालवू नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार परस्परविरोधी आहेत. गुठळीच्या लकव्यावरचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून सरळ जिथं सीटी चालू आहे आणि रात्री डॉक्टर असतात अशा ठिकाणी जायचं. वाटेत अ‍ॅस्पिरिन देऊ नका, पाणीही पाजू नका, कारण गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. आणि एक गोष्ट आठवणीनं सांगा: माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता. ‘सकाळी उठले तेव्हाच असं होतं’ म्हणालात तर डॉक्टर झोपायच्या वेळेपासून मोजतात. रात्री दोनला ते उठून पाणी प्यायले होते आणि ठीक होते, हे आईला आठवत असेल तर तेवढ्या एका वाक्यानं उपचाराचा निर्णय बदलू शकतो.

सर्पदंशावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या भागात भातलावणीपासून ऊसतोडीपर्यंत तो होतच राहतो आणि त्यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष लस आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवणं अपेक्षित आहे आणि बहुतेक ठिकाणी ती असते. म्हणजे इथं जवळचं केंद्र हेच पहिलं ठिकाण. चावल्याजागी दोरी आवळू नका, ब्लेडनं चिरू नका, देवळात किंवा मांत्रिकाकडे थांबू नका. अंगठी, जोडवी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, सूज आली की त्या रुततात. हातपाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. साप मारून आणायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्याला चावल्याचं मी पाहिलं आहे. केंद्रात डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलंय असं धरतात. नाग आणि मण्यारचं विष नसांवर काम करतं: पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबतो.

मण्यारचं विशेष ध्यानात ठेवा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण जवळपास दिसत नाही, सूज नाही, वेदना नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून माणूस उठतो, घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या पोराच्या पोटात पहाटे एकाएकी दुखायला लागलं आणि पापण्या मिटायला लागल्या, तर ते मण्यार समजूनच न्या. खाटेवर झोपणं आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, इतक्या साध्या गोष्टीनं हे टळतं.

इथं माझ्याच पेशातल्या लोकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लसीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि त्या भीतीनं काही ठिकाणी लस असूनही न देता रुग्णाला पुढं पाठवलं जातं. रिअ‍ॅक्शनवर औषध तिथंच असतं, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. पण विष दोन तास अंगात फिरत राहिलं तर झालेली हानी भरून येत नाही. म्हणून नातेवाइकांनी नम्रपणे पण ठामपणे विचारावं: ‘डॉक्टरसाहेब, विषाची लक्षणं आहेत का? असतील तर पहिला डोस इथं सुरू करून पाठवता का?’ डोस सुरुवातीला आठ ते दहा कुप्यांचा असतो, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. श्वास धरायला लागला असेल तर पुढं व्हेंटिलेटर लागणार, आणि त्यासाठी सीपीआर गाठायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात राहून विंचूदंशावर प्राझोसिन या गोळीचा उपचार रुजवला आणि तो जगभर मान्य झाला. छोट्या दवाखान्यात जीव वाचतात, हे कोकणातल्या एका डॉक्टरनं फार पूर्वीच दाखवून दिलेलं आहे. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हणून. आराखडा उतरायचा तो शेवटी प्राथमिक केंद्राच्या फ्रिजमध्ये, आणि तिथल्या डॉक्टरच्या मनाच्या तयारीत.

कीटकनाशक प्यायलेल्या माणसालाही हाच नियम, आधी जवळचं केंद्र. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, अंगावरचे भिजलेले कपडे काढून साबणानं धुवा, आणि औषधाची बाटली बरोबर घ्या. बाटलीवरचं नाव डॉक्टरला सगळ्यात आधी लागतं.

बाळंतपण. तुमच्या घरात सध्या हा विषय नसेल, पण वाडीत असेलच. गावाकडं लोक विचारतात, ‘तिथं मोठा डॉक्टर आहे का?’ त्याऐवजी विचारा, ‘रात्री भूलतज्ज्ञ येतात का? आणि रक्त आहे का?’ सिझेरियन करू शकणारे स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही भूल देणारं कुणी नाही म्हणून बाई पुढच्या दवाखान्यात पाठवली जाते, हे ग्रामीण रुग्णालयांचं खूप जुनं दुखणं आहे. तज्ज्ञ एकटा काही करू शकत नाही. स्त्रीरोग, भूल, बालरोग हे तिघं, शिवाय नर्स, प्रयोगशाळा आणि रक्त, असा पूर्ण संच असला तरच रात्रीचं सिझेरियन होतं. एक पद भरलं की ‘डॉक्टर दिला’ म्हणून बातमी येते, पण संच अपुराच राहतो.

बाळंतीण जाते ती बहुतेक वेळा रक्तस्रावानं, आणि जास्त रक्तस्राव सुरू झाला की हातात फार तर दोन तास असतात. म्हणून तयारी आधी करायची. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन किती आहे ते बघा. सातच्या खाली असेल तर तो तीव्र रक्तक्षय, तिचं बाळंतपण लहान केंद्रात करायचंच नाही. आधीचं सिझेरियन, जुळं, वाढलेला रक्तदाब, पायाकडून असलेलं बाळ, यांचंही तेच. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडून तपासणी मोफत होते. गावातल्या आरोग्यसेविकेला, आशाताईला, तारीख पाठ असते, तिच्याबरोबर जा. जोखमीची बाई असेल तर दिवस भरायच्या आठ-दहा दिवस आधी मलकापूर, बांबवडे किंवा कोल्हापूरच्या नातेवाइकांकडे तिला राहायला पाठवा. रक्तगट जुळणारी दोन माणसं हेरून ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि १०२ च्या गाडीनं जाणं-येणं मोफत आहे. कुणी त्यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

बायकांच्या उपचाराची गोष्ट निघाली म्हणून आठवतं, कोल्हापूरच्या सुरुवातीच्या स्त्री डॉक्टरांपैकी कृष्णाबाई केळवकर यांना शाहू महाराजांनी पाठबळ दिलं, त्या डब्लिनहून शिकून आल्या आणि इथल्या दरबारी दवाखान्यात त्यांनी बायकांवर उपचार केले. शंभर वर्षांपूर्वी या शहराला कळलं होतं की बाई डॉक्टर असल्याशिवाय पुष्कळ बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आजही माझ्या पट्ट्यात अंगावर जाणं, पिशवी खाली येणं, गाठ लागणं, हे वर्षानुवर्षं लपवलं जातं. समोर पुरुष डॉक्टर बसलेला असतो, आणि मागं दाराशी अख्खी रांग ऐकत असते. उपकेंद्रातल्या सिस्टरशी त्या बोलतात. आईला एकदा तिच्याकडे नुसतं बसायला पाठवा.

१०८ बद्दल. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, मोफत आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो. हे लक्षात असू द्या, कारण बऱ्याच खासगी गाड्यांत नुसता चालक असतो. पण तुमचा फोन कोल्हापुरात वाजत नाही, तो पुण्यातल्या नियंत्रण कक्षात जातो. तिथल्या माणसाला तुमची वाडी माहीत नसते. म्हणून सांगताना जिल्हा, तालुका, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डांबरी रस्त्यावरची ठळक खूण, या क्रमानं सांगा. शाळा, डेअरी, बसथांबा, काहीही. काय झालंय ते एका वाक्यात. मग फोन मोकळा ठेवा, कारण चालक उलट फोन करतो. चौकशीला पाच नातेवाईक त्याच नंबरवर फोन लावत राहिले तर त्याला लागत नाही. वाडीत रेंज नसेल तर कुठल्या टेकाडावर ती येते हे सगळ्यांना माहीत असतंच. रात्री तिथं कोण पळणार, एवढं ठरवून ठेवा.

आणि जीप की १०८, यात निवड करायचीच असं नाही. गाडी येईपर्यंत अंगणात वाट बघू नका. रुग्णाला घेऊन जीप काढा आणि फाट्यावर १०८ ला गाठा. नियंत्रण कक्षाला तसं सांगितलं की चालकाशी बोलून जागा ठरते. डोंगरातून येणाऱ्या कित्येक रुग्णांचा अर्धा तास यानं वाचतो. १०८ ची गाडी जवळच्या योग्य सरकारी दवाखान्यात नेते, तुमच्या पसंतीच्या खासगी हॉस्पिटलात नेईलच असं नाही. लोक यावर चिडतात. पण तुमच्या वडिलांसारख्या बाबतीत ती जिथं नेते तिथंच आधी जायला हवं. खासगी गाडीचा चालक स्वतःहून एखाद्या हॉस्पिटलाचं नाव सुचवायला लागला तर मात्र सावध राहा. काही ठिकाणी त्यामागं दलालीचं गणित असतं. कुठं जायचं हे डॉक्टरनं आणि घरच्यांनी ठरवायचं.

कोल्हापूरच्या दक्षिणेला आणि पूर्वेला राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. शिरोळकरांना मिरज जवळ. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून मिरज ही उपचाराची पंढरीच झाली आणि आता तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जीव वाचवताना जिल्ह्याची, राज्याची हद्द बघू नये. मात्र राज्याबाहेर आपली योजना कुठं चालते, कुठं नाही, हे आजारी पडण्याआधी विचारून ठेवावं.

पुराचं वेगळं लिहिलंच पाहिजे. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा आपण पाहिलं की कोल्हापूर हेच बेट होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका. पण पश्चिम भागातल्या माणसाचा रस्ता त्याच्या आधीच तुटू लागतो. गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, किरव्याजवळ पाणी येतं, तुमच्या रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ येतं, बर्कीसारख्या गावांचा तर पूलच पाण्याखाली जातो. त्या दिवसांत ‘थेट कोल्हापूर’ हा पर्यायच उरत नाही, आणि मलकापूर, बांबवडे, कोडोली इथं जे मिळेल तेच. आरोग्य केंद्रं पावसाळ्याआधी दिवस भरत आलेल्या गरोदर बायकांची यादी करून त्यांना आधी हलवतात, आणि हे काम आमच्या जिल्ह्यात फार मनापासून केलं जातं. डायलिसिसवर असलेल्यांची, इन्सुलिन घेणाऱ्यांची, फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्यांची यादी मात्र गावानं स्वतः करावी. जूनच्या शेवटी घरात महिनाभराची औषधं हवीत. डायलिसिसचा रुग्ण इशारा पातळीची बातमी आली की त्याच दिवशी डायलिसिस केंद्राजवळच्या नातेवाइकाकडे गेला पाहिजे. दुसरा दिवस उजाडेपर्यंत रस्ता राहीलच याची खात्री नसते.

आता पैशाचं, ज्यानं तुम्हाला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाच्या शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. तरी पैसे भरावे लागतात, त्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. हॉस्पिटल योजनेत असतं पण हृदयरोगासाठी नसतं. एकाच हॉस्पिटलात हाडांचे उपचार योजनेत आणि हृदयाचे रोख पैशात, असं होऊ शकतं. किंवा उपचार यादीत बसत नाही: साधा ताप, जुलाब, निरीक्षणासाठी एक रात्र ठेवणं हे बऱ्याचदा बसत नाही. किंवा नातेवाइकांनी भरती करताना योजनेचं नावच काढलं नाही, पैसे भरले आणि तिसऱ्या दिवशी शिधापत्रिका दाखवली. तोवर पूर्वमंजुरीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून दारातून आत शिरल्यावर रुग्णाला एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं थेट ‘आरोग्यमित्र’ शोधायचा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात तो बसतो. तातडीच्या वेळी कागद अपुरे असले तरी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, ती मागा. योजनेत असून पैसे मागितले तर पावती घ्या आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा. पावतीशिवाय तक्रार टिकत नाही.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी दुसरी वाट आहे ती धर्मादाय हॉस्पिटलांची. विश्वस्त संस्थेच्या मोठ्या हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिला गट, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुसरा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला त्यासाठी लागतो. तो घरात आधीपासून काढून ठेवा, अतिदक्षता विभागाबाहेर बसून तो निघत नाही. आणि सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे मलकापुरात, तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफतच आहेत. सीपीआर वेगळ्या खात्याचं असल्यानं तिथं केसपेपर, काही तपासण्या यांना शुल्क लागू शकतं, पण ते खासगीच्या मानानं फार कमी असतं.

गावाला माझी एक विनंती आहे. ‘डॉक्टर नसतात’ हे खरं आहे, आणि ते का टिकत नाहीत हेही मी जवळून पाहिलं आहे. गळकं निवासस्थान, पोरांच्या शाळेचा प्रश्न, एकट्यावर चोवीस तासांची जबाबदारी, आणि काही वाईट घडलं की दारात जमाव. शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, म्हणजे बंधपत्राचं, वर्ष संपलं की तरुण डॉक्टर निघून जातो. निवासस्थानाची दुरुस्ती, रात्रीचा दिवा, पाण्याची टाकी या गोष्टी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत मांडता येतात. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला थोडा का होईना निधी येतो. ग्रामसभेत रस्ते आणि गटारींवर तासभर बोललं जातं, आरोग्याचा विषय शेवटी, लोक उठताना येतो. तो वर आणा. एकच प्रश्न धरून बसा: आपल्या केंद्रात आज सापाची लस किती कुप्या आहे, इसीजी यंत्र चालू आहे का, आणि रात्री कोण असतं. दर महिन्याला हा प्रश्न विचारणारं गाव असलं की साठ्याची वही आपोआप नीट राहते, आणि डॉक्टरलाही वरिष्ठांकडे मागणी करताना बळ येतं. मी स्वतः त्या खुर्चीत बसलेलो असताना अशा गावांचा मला आधारच वाटला आहे.

ऊसतोडीला मराठवाड्यातून येणारी कुटुंबंही याच गावांच्या शिवारात पाच-सहा महिने राहतात. त्यांच्या झोपड्या कुठल्याच यादीत नसतात, गरोदर बाई शेवटच्या दिवसापर्यंत मोळ्या वाहते. त्यांना आशाताईचा नंबर कुणीतरी द्यायला हवा. तोडणीसाठी ज्यांच्या फडात ते उतरतात, त्यांनीच तो द्यावा.

तुमच्या वडिलांसाठी या आठवड्यात करायच्या गोष्टी सांगतो. डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा इसीजी यांचा फोटो तुमच्या, आईच्या आणि शेजाऱ्याच्या फोनमध्ये ठेवा. पुढच्या वेळी नवा इसीजी जुन्याशी ताडून बघता आला तर डॉक्टरला निदान लवकर होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घातला असेल तर मुळीच नाही, कारण गोळी सुटली की स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ शकते. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात, तिथं आता समुदाय आरोग्य अधिकारी असतात आणि ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देतात. दर महिन्याला कोल्हापूरला खेप घालायची गरज नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेली तारीख तेवढी पाळा. आणि मलकापूरच्या रुग्णालयात एकदा दिवसा जाऊन या, वडिलांना घेऊनच. इसीजीची खोली कुठं आहे, रात्रीचं दार कुठलं, रात्री कुणाला हाक मारायची, हे शेजारच्या जीपवाल्यालाही दाखवून ठेवा.